स्पॅम शोधणारा बॉट आणि त्याच्यामागे बसलेली माणसे

इंटरनेटवर एखाद्या बँकेचा किंवा कुरिअर कंपनीचा ग्राहकसेवा क्रमांक शोधला, समोर आलेल्या पहिल्या क्रमांकावर फोन केला आणि पलीकडचा माणूस सांगेल तसे करत जाऊन खात्यातले पैसे गमावले, अशी हकीगत सांगणारी माणसे आता नागपुरात प्रत्येकाच्या ओळखीत निघतात. अशा वेळी १९३० या राष्ट्रीय मदत क्रमांकावर ताबडतोब तक्रार करावी, हे बऱ्याच जणांना ठाऊक झाले आहे. परंतु तो खोटा क्रमांक शोधनिकालांत पोहोचला कसा, हे फारसे कोणी विचारत नाही. फसवणूक करणाऱ्यांनी स्वतःचे संकेतस्थळ उभारले तर शोधयंत्रे त्याला सहसा वर आणत नाहीत. म्हणून ते आपला क्रमांक अशा जागी टाकून ठेवतात, जिची पत हजारो लोकांच्या प्रामाणिक लिखाणातून तयार झालेली असते. प्रश्नोत्तरांची खुली संकेतस्थळे त्यांना यासाठी फार सोयीची पडतात.

मी नागपुरात सॉफ्टवेअरचे काम करतो आणि त्यातून उरलेला काही वेळ स्टॅक एक्स्चेंज या प्रश्नोत्तरांच्या संकेतस्थळांच्या जाळ्यावरील स्पॅम काढण्यासाठी देतो. जेफ अ‍ॅटवुड आणि जोएल स्पोल्स्की यांनी २००८ मध्ये प्रोग्रॅमरांसाठी स्टॅक ओव्हरफ्लो सुरू केले. पुढे त्याच धर्तीवर गणित, स्वयंपाक, छायाचित्रण, भाषा अशा विषयांची संकेतस्थळे निघत गेली आणि आज त्यांची संख्या दीडशेच्या वर आहे. यांवरची रोजची देखरेख मुख्यतः निवडून आलेले नियामक आणि साधे सदस्य विनामोबदला करतात. १५ गुण मिळवलेल्या कोणत्याही सदस्याला आक्षेपार्ह मजकुरावर फ्लॅग, म्हणजे तक्रारीची खूण, लावता येतो. स्पॅमचे ठरावीक फ्लॅग पडले की, आणि अनेक वर्षे ही संख्या सहा होती, तो मजकूर आपोआप काढला जातो व लिहिणाऱ्याचे १०० गुण कापले जातात. व्यवस्था साधी आहे आणि चांगली आहे. मात्र फ्लॅग लावण्याआधी तो मजकूर कोणाच्या तरी नजरेस पडावा लागतो, आणि बागकामासारख्या लहानशा संकेतस्थळावर रविवारी पहाटे टाकलेली जाहिरात कितीतरी वेळ कोणाच्याच नजरेस पडत नाही.

ही उणीव भरून काढण्यासाठी काही स्वयंसेवकांनी एकत्र येऊन 'स्मोकडिटेक्टर' नावाचा बॉट, म्हणजे आपोआप काम करणारा प्रोग्रॅम, लिहिला. त्यांच्या गटाचे नाव 'चारकोल'. बॉट पायथन या संगणकभाषेत लिहिलेला आहे, त्याचा कोड कोणालाही वाचता येतो, आणि तो स्टॅक एक्स्चेंज चालवणाऱ्या कंपनीच्या सर्व्हरवर न चालता स्वयंसेवकांच्या स्वतःच्या यंत्रांवर चालतो. एक प्रत काम करत असते, बाकीच्या राखीव असतात आणि चालू प्रत बंद पडली की दुसरी तिची जागा घेते. कोठेही नवा प्रश्न किंवा उत्तर आले, अथवा कोणी जुना मजकूर बदलला, की त्याची सूचना बॉटला तत्क्षणी मिळते. त्या सूचनेत पूर्ण मजकूर नसतो. तो एपीआयकडून, म्हणजे प्रोग्रॅमांना माहिती पुरवणाऱ्या सोयीकडून, मागवावा लागतो आणि त्यासाठी दिवसाला १०,००० विनंत्यांची मर्यादा आहे. एवढ्या मोठ्या जाळ्यावर प्रत्येक नोंदीसाठी स्वतंत्र विनंती केली तर ही शिदोरी दिवस मावळण्यापूर्वीच संपेल. म्हणून गजबजलेल्या संकेतस्थळांवरच्या काही नोंदी तो जमू देतो आणि मग एकदम मागवतो.

मजकूर हाती आला की त्यावर नियम चालवले जातात. त्यांतले बरेचसे नियम म्हणजे रेग्युलर एक्सप्रेशन, म्हणजेच अक्षरांचे ठरावीक साचे, असतात. दुवा काळ्या यादीतल्या संकेतस्थळाचा आहे का, उत्तराच्या अगदी शेवटी एखादा दुवा चिकटवला आहे का, एकच अक्षर पुन्हा पुन्हा आले आहे का, शिवीगाळ आहे का, दुव्याचे डोमेन ज्या नेमसर्व्हरवर (डोमेनचा पत्ता सांगणाऱ्या यंत्रावर) आहे तो पूर्वीही स्पॅममध्ये दिसला होता का, असे ते पाहतात. फोन क्रमांकांसाठी विशेष मेहनत घेतलेली आहे, कारण स्पॅम टाकणारे क्रमांक कधी सरळ लिहीत नाहीत. अंकांमध्ये रेघा, तारे, कंस घालतात, शून्याच्या जागी रोमन 'ओ' लिहितात, नाहीतर युनिकोडमधले भलतेच अंक वापरतात. ही सजावट उतरवून मूळ क्रमांक ओळखावा लागतो. नियमात काही सापडले की बॉट गटाच्या चॅटरूममध्ये एक ओळ टाकतो. संशयाचे कारण काय, त्या कारणांचे एकत्रित वजन किती, मजकुराचे शीर्षक काय, लिहिणारा कोण आणि संकेतस्थळ कोणते, हे त्या एका ओळीत असते.

इथपर्यंतचे काम यंत्राचे असते आणि मला जे खरोखर मोलाचे वाटते ते यानंतर सुरू होते. चॅटरूममध्ये त्या वेळी जे कोणी असतील ते दुवा उघडतात, मजकूर वाचतात आणि बॉटला उत्तर देतात. खरोखर स्पॅम असेल तर 'के', चुकीचा संशय असेल तर 'एफ', स्पॅम नाही पण उत्तरही नाही असे असेल तर 'एन'. हे एकाक्षरी निकाल 'मेटास्मोक' नावाच्या नोंदवहीत जातात. तिथे प्रत्येक संशयित मजकूर, त्यावर लागलेली कारणे आणि माणसांनी दिलेला निकाल कायमचा जपलेला असतो. एखादे कारण आजवर कितपत खरे ठरले, यावरून त्याचे वजन ठरते. काळ्या यादीतल्या संकेतस्थळाला वजन भरपूर मिळते. नुसत्या संशयास्पद शब्दाला थोडे. वजन ठरवणारे गणित यंत्राचे असले तरी त्यातला प्रत्येक आकडा कोणीतरी दुवा उघडून, वाचून, विचार करून दिलेला असतो, आणि बॉटची सगळी अक्कल म्हणजे या निकालांची बेरीज आहे असे मी मानतो.

या खोलीत जगभरातले लोक असणे हे निव्वळ कौतुकाचे नाही, ती कामाची गरज आहे. नागपुरात सकाळचे दहा वाजतात तेव्हा न्यूयॉर्कमध्ये मध्यरात्रीचा सुमार असतो आणि लंडनला अजून जाग यायची असते. अमेरिका आणि युरोपातले सदस्य झोपेत असताना वाचणाऱ्या नजरा कमी असतात, आणि त्या वेळेला टाकलेला स्पॅम जास्त काळ टिकतो. त्यामुळे भारत, जपान, ऑस्ट्रेलिया या बाजूच्या माणसाने सकाळच्या चहाबरोबर दिलेला अर्धा तास इतर कोणत्याही अर्ध्या तासापेक्षा अधिक उपयोगी पडतो. मला या कामाची गोडी लागण्याचे हे एक मोठे कारण आहे.

बॉटने फक्त दाखवावे की स्वतः फ्लॅगही लावावा, हा प्रश्न अर्थातच पुढे आला. २०१७ मध्ये त्यावर समाजासमोर खुली चर्चा झाली. ज्या सदस्यांची तयारी आहे त्यांनी आपल्या खात्याचे फ्लॅग बॉटला वापरू द्यायचे, मजकुराचे वजन फार जास्त असेल आणि जुन्या नोंदींवर ताडून पाहिल्यावर तसा मजकूर जवळजवळ नेहमी स्पॅमच ठरला असेल तरच ते वापरायचे, आणि तेव्हाच्या सहांपैकी तीनच फ्लॅग यंत्राने लावायचे, अशी पद्धत मांडली गेली. उरलेले तीन माणसांचे. ही वाटणी मला अतिशय शहाणपणाची वाटते. खरा स्पॅम असेल तर अर्धे काम झालेले असते आणि तीन माणसे पुरतात. बॉट चुकला असेल तर केवळ त्याच्या तीन फ्लॅगांनी कोणाचाही मजकूर पुसला जात नाही. शिवाय स्वयंचलित फ्लॅग कोणाच्या खात्यातून लागला याची नोंद राहते, म्हणजे निर्णयाची जबाबदारी कोणाच्या तरी नावावर असते. आपल्याकडे यंत्राने घेतलेल्या निर्णयाविरुद्ध दाद मागायला गेल्यावर 'सिस्टीममध्ये तसे आले आहे' एवढेच ऐकायला मिळते. त्या अनुभवाच्या शेजारी ही पद्धत ठेवून पाहावी.

नियमांमध्ये भर घालण्याची रीतही अशीच आहे. एखादा नवा शब्द किंवा डोमेन संशयास्पद वाटले तर तो आधी केवळ निरीक्षणाच्या यादीत जातो आणि त्याचे वजन नगण्य राहते. तो शब्द असलेले मजकूर खोलीत येऊ लागतात, माणसे निकाल देतात, आणि त्यांतून तो खरोखर स्पॅमचा शब्द आहे असे दिसले तरच काळ्या यादीत बढती मिळते. ज्यांना थेट अधिकार नाही त्यांची सूचना पुल रिक्वेस्ट, म्हणजे कोडमधील बदलाचा प्रस्ताव, म्हणून जाते आणि जुना, अनुभवी सदस्य ती मंजूर करतो. नवख्या माणसाला हे संथ वाटते. परंतु एका उतावळ्या नियमामुळे एखाद्या नव्या विद्यार्थ्याचा पहिलाच प्रश्न स्पॅम ठरला तर तो पुन्हा त्या संकेतस्थळाकडे फिरकणार नाही, आणि अशा निघून गेलेल्या माणसाची नोंद कोणत्याही वहीत होत नाही. म्हणून चुकीच्या संशयाचा 'एफ' देणाऱ्याला मी 'के' देणाऱ्याइतकाच महत्त्वाचा मानतो.

स्पॅमखेरीज इतर कामांसाठीही असे बॉट आहेत. 'नॅटी' हा बॉट स्टॅक ओव्हरफ्लोवर उत्तर म्हणून टाकलेले पण उत्तर नसलेले मजकूर शोधतो, 'गुटेनबर्ग' दुसऱ्याच्या उत्तराची नक्कल शोधण्यासाठी लिहिला गेला. मात्र चॅटजीपीटी आल्यावर ज्या प्रकारचा मजकूर येऊ लागला त्यापुढे असे साचे हतबल आहेत, कारण त्यात दुवा नसतो, क्रमांक नसतो, शिवी नसते. भाषा नीटनेटकी असते आणि चूक आशयात दडलेली असते. स्टॅक ओव्हरफ्लोने ५ डिसेंबर २०२२ रोजी अशा उत्तरांवर बंदी घातली. पुढे मे २०२३ च्या अखेरीस अशा उत्तरांवर कारवाई करण्याच्या नियामकांच्या अधिकारांवर कंपनीने कडक मर्यादा आणल्या, तेव्हा ५ जूनपासून नियामक आणि स्वयंसेवकांनी काम थांबवले. त्या काळात स्मोकडिटेक्टरही बंद ठेवण्यात आला. ऑगस्टमध्ये वाटाघाटींनंतर हा संप मिटला. संपाच्या बाजूने आणि विरुद्ध बरेच लिहिले गेले आहे. मला त्यातून दिसले ते असे की यंत्र ज्यांनी लिहिले, ज्यांच्या यंत्रांवर ते चालते आणि ज्यांच्या निकालांवर ते शिकते, ती माणसे बाजूला झाली की बॉटही त्यांच्याबरोबर बाजूला होतो.

आता आपल्या भाषेकडे वळतो. स्मोकडिटेक्टरमध्ये एक नियम असा आहे की मजकूर बहुतांशी रोमन लिपीबाहेरचा असेल तर तो संशयास्पद समजावा. इंग्रजी संकेतस्थळांवर हा नियम योग्यच आहे, आणि रशियन वा जपानी संकेतस्थळे त्यातून वगळलेली आहेत. स्टॅक ओव्हरफ्लोच्या पोर्तुगीज, रशियन, स्पॅनिश आणि जपानी आवृत्त्या निघाल्या. मराठी निघाली नाही, हिंदीही नाही. त्यामुळे देवनागरी मजकुरावर असे नियम कसे चालवायचे याचा अनुभव त्या वहीत जवळजवळ नाही. तो आपल्यालाच गोळा करावा लागेल, असे मी पूर्वीपासून म्हणत आलो आहे.

तशी संधी काटोल आणि नरखेड भागातल्या संत्रा बागायतदारांच्या एका टेलिग्राम गटामुळे मिळाली. तिथे बागायतदार प्रश्न विचारतात आणि अनुभवी शेतकरी, काही निवृत्त कृषी अधिकारी उत्तरे देतात. आंबिया बहार धरताना पाणी किती दिवस तोडावे, डिंक्या रोगावर बोर्डो पेस्ट केव्हा लावावी, कोळशी या किडीचा त्रास झाला तर कोणती फवारणी घ्यावी, फळगळ कशामुळे होते, असे ते प्रश्न असतात. त्यांच्यामध्येच 'शंभर टक्के हमी'ची द्रावणे विकणाऱ्यांच्या जाहिराती, बनावट अनुदानाचे दुवे आणि कर्ज देतो म्हणणारे फोन क्रमांक येऊन पडतात. हा विषय हलक्याने घेण्यासारखा नाही. कीटकनाशके परवान्याशिवाय विकता येत नाहीत, हे १९६८ च्या कायद्यातच आहे. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी आणि शेतमजूर दगावले, ते विदर्भात कोणी विसरलेले नाही.

या गटासाठी बॉट लिहिताना पहिली अडचण पायथनची आली. रेग्युलर एक्सप्रेशन चालवणाऱ्या त्याच्या मूळ 'आरई' मॉड्यूलमध्ये शब्दातले अक्षर ओळखण्याची जी खूण आहे ती देवनागरी व्यंजने आणि स्वर ओळखते, पण काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार यांना शब्दाचा भाग समजत नाही. परिणामी 'किंमत' हा शब्द त्याच्या दृष्टीने मधेच तुटतो आणि 'मत' हा शब्द शोधायला सांगितले तर तो 'किंमत'मध्ये सापडतो. 'रेजेक्स' नावाचे वेगळे मॉड्यूल हे नीट हाताळते. स्मोकडिटेक्टरही तेच वापरतो. दुसरी अडचण प्रत्ययांची. इंग्रजीत शब्दाच्या दोन्ही बाजूंना सीमा बांधून शोध घेता येतो; मराठीत 'खत' शोधायचे तर खताचा, खतासाठी, खतांवर ही सगळी रूपे धरावी लागतात, म्हणून शेवटची सीमा सोडून द्यावी लागते, आणि पहिलीही सोडली तर 'दुखत' आणि 'देखत' हेही जाळ्यात येतात. 'शेतकऱ्यांना' या शब्दातला अर्धा र संगणकात दोन वेगवेगळ्या तऱ्हांनी साठवला जातो. डोळ्यांना फरक दिसत नाही, नियमाला मात्र ते दोन वेगळे शब्द वाटतात. त्याशिवाय बरेच जण मराठी रोमन लिपीत लिहितात आणि अनेक जण लिहीतच नाहीत, बोलून संदेश पाठवतात. बोललेल्या संदेशांना आमचा बॉट हात लावत नाही.

या सगळ्यावर उपाय निघतात. अवघड प्रश्न निराळा होता, आणि तो गटातल्या एका ज्येष्ठ बागायतदारांनी पहिल्याच बैठकीत विचारला: "भाऊ, हे मशीन आमचे मेसेज उडवून राहिलं काय?" मी त्यांना सांगितले की बॉटला संदेश पुसण्याचा अधिकारच दिलेला नाही. टेलिग्राममध्ये बॉटला अ‍ॅडमिन केले की तो सर्व संदेश वाचू शकतो, पण पुसण्याची परवानगी वेगळी द्यावी लागते, ती आम्ही दिली नाही. बॉट संशयित संदेश एका वेगळ्या खोलीत आणून ठेवतो. तिथे गटाने निवडलेली माणसे वाचतात आणि निकाल देतात. त्या उत्तराने त्यांचे समाधान झाले, आणि पुढे ते स्वतःच त्या खोलीत बसू लागले.

त्यांच्या येण्याने बॉटचे नियम सुधारले, कारण मला जे दिसत नव्हते ते त्यांना दिसत होते. फोन क्रमांक असलेला प्रत्येक संदेश संशयास्पद धरावा, असे मला इंग्रजी संकेतस्थळांच्या सवयीने वाटत होते; परंतु आपल्या शेतकऱ्यांमध्ये चांगल्या रोपवाटिकेचा क्रमांक देणे हेच कित्येकदा खरे उत्तर असते. तेव्हा क्रमांकाला वजन थोडे, आणि क्रमांकाबरोबर 'हमी', 'घरपोच', 'आजच' यांसारखे शब्द आले तर जास्त, असे ठरले. त्यांनी सुचवलेला दुसरा नियम स्पॅमचा नाही, पण मला तो सर्वांत मौल्यवान वाटतो. आपल्याकडे 'पंपाला ३० मिली' असे मात्रेचे प्रमाण सांगतात. पंप १० लिटरचा, १५ लिटरचा की पेट्रोलवर चालणारा, हे सांगितले नाही तर तीच मात्रा एकाला कमी आणि दुसऱ्याला घातक पडते. आता 'पंप' आणि 'मिली' असलेला पण लिटरचा उल्लेख नसलेला संदेश बॉट खोलीत आणतो, आणि जाणकारांपैकी कोणीतरी मूळ गटात जाऊन विचारते की पंप किती लिटरचा धरला आहे. मात्रा बरोबर की चूक हे बॉट सांगत नाही आणि त्याने सांगूही नये; ते केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्थेच्या शिफारशी वाचलेल्या माणसाचे काम आहे, आणि ही संस्था सुदैवाने आपल्या नागपुरातच आहे.

रोपवाटिकांच्या क्रमांकांवरून खोलीत अजूनही मतभेद होतात. एकाच्या अनुभवात जी रोपवाटिका उत्तम, तिचीच रोपे दुसऱ्याच्या बागेत डिंक्याने गेलेली असतात, आणि मग तो संदेश शिफारस मानावा की जाहिरात, यावर दोन्ही बाजूंनी जोरात बोलले जाते. असे निकाल आम्ही पुसत नाही. दोन्ही मते वहीत ठेवतो, वजन ठरवताना ती नोंद वगळतो. मृग बहाराच्या प्रश्नांची गर्दी जूनपासून सुरू होते आणि त्या दिवसांत शेतकरी कामे आटोपून रात्री उशिरा लिहितात, तर आमच्या खोलीतली बहुतेक मंडळी नऊलाच निजतात. कळमेश्वरकडच्या दोघांशी बोलणे चालू आहे. ते आले तर रात्रीची वेळ त्यांच्याकडे देता येईल.